हात गुंतलेल्यांचा रेडिओ

माझी आई चाळीस वर्षांपासून बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पानं, बोटांत दोरा. हजार बिड्या भरायला अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसभरात दोन्ही हात गुंतलेले असतात. नजरही सुपातच लागते. मोकळे राहतात ते फक्त कान. सोलापुरातल्या आमच्या वस्तीत रेडिओ इतकी वर्षं टिकला त्याचं कारण एवढंच. टीव्ही बघायला मान वर करावी लागते, आणि मान वर केली की बिड्या कमी भरतात.

आमच्या घरातला रेडिओ फळीवर असायचा आणि तो तीन घरांना पुरायचा. मधल्या भिंती पत्र्याच्या होत्या. एका बाजूला पद्मशाली कुटुंब, घरात तेलुगू बोलणारं. दुसऱ्या बाजूला दखनी बोलणाऱ्या चाची. मधे आम्ही, मराठी बोलणारे बौद्ध. तिन्ही घरांत बिड्याच. आकाशवाणीचं सोलापूर केंद्र लागलेलं असायचं. बातम्या, बाजारभाव, दुपारी बायकांचा कार्यक्रम, मग गाणी. त्यात आमचं फार काही होतं असं मी म्हणणार नाही. निवेदकाची मराठी आमच्या घरातली नव्हती. चौदा एप्रिलला बाबासाहेबांवर भाषण लागायचं, सहा डिसेंबरला लागायचं, मधल्या महिन्यांत रेडिओच्या लेखी आम्ही नसायचो. तरी आई त्या रेडिओशी बोलायची. पावसाचा अंदाज चुकला की त्याला शिव्या घालायची.

मी नववीत असताना शहरात खासगी एफएम आलं. सुरुवातीला फार मजा वाटली. बोलणारी पोरं सोलापूरचीच होती, 'काय करालालास' म्हणायची, सात रस्ता, कन्ना चौक, नवी पेठ ही नावं हवेतून ऐकू यायची. पुढे ती नावं कमी होत गेली. गाणी तीच ती, सकाळी लागलेलं दुपारी आणि दुपारचं रात्री. बोलणं वेगवान झालं, हसणं वाढलं, फोनवरून कुणाची तरी फजिती करायची आणि त्यावर हसायचं. एक दिवस आईने हात न थांबवता विचारलं, "ही दोघं आपापसातच हसालालेत की गं. आपल्याला कायतरी सांगालालेत का?"

नंतर मी पत्रकारितेची पदवी घेतली, माध्यमांवरची जाडजूड पुस्तकं वाचली. एफएमबद्दल याहून नेमका प्रश्न मला त्यांत सापडला नाही.

उत्तर मात्र सोपं आहे आणि ते आरजेंच्या स्वभावात नाही, धंद्याच्या हिशेबात आहे. आपल्या देशात खासगी एफएम वाहिन्या २००१ पासून सुरू झाल्या. वाहिनी लिलावात विकत घ्यावी लागते आणि तिथे ओतलेला पैसा जाहिरातीतून काढायचा असतो. ऐकणारा फुकट ऐकतो, तेव्हा गिऱ्हाईक तो नसतो. गिऱ्हाईक जाहिरातदार, आणि ऐकणाऱ्याचे कान हा माल. सराफ, बिल्डर, कोचिंग क्लास, गाड्यांचं शोरूम यांना ज्या कानांशी काम आहे त्यांच्यासाठी कार्यक्रम बनतो. हजार बिड्यांच्या मजुरीवर चालणाऱ्या घरातले कान त्या हिशेबात येत नाहीत. त्यात २०११ च्या धोरणाने कंपन्यांना एका शहरात बनवलेला कार्यक्रम आपल्या जाळ्यातल्या इतर शहरांत वाजवायची मोकळीक दिली. छोट्या शहरात चार माणसं पोसण्यापेक्षा मोठ्या शहरातून तयार माल आणणं स्वस्त पडतं. सात रस्ता, कन्ना चौक ही नावं कमी का झाली, ते मला हे धोरण वाचल्यावर कळलं.

बातम्यांना तर बंदीच. खासगी एफएमला आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, स्वतःच्या देता येत नाहीत. टीव्हीवर बातम्यांच्या नावाखाली चोवीस तास आरडाओरडा चालतो, पण शहरात काल कुठल्या वस्तीवर बुलडोझर फिरला ही बातमी रेडिओने द्यायची नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये ताशी दहा मिनिटं बातम्या द्यायला परवानगी द्यावी अशी शिफारस केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि मातृभाषेतला स्थानिक आशय वाढेल असं सांगितलं. कुणाच्या घरातली मातृभाषा, हा रकाना लिलावाच्या अर्जात असेल असं वाटत नाही.

हे मी बाहेरून बोलत नाही. पदवीनंतर एका मोठ्या शहरातल्या खासगी एफएम स्टेशनात मी आठ महिने काम केलं. आवाजाची चाचणी झाली तेव्हा आवाज आवडला होता. "फक्त बोलण्याला जरा गावाकडचा वास आहे, तो गेला पाहिजे," असं प्रेमाने सांगितलं गेलं. वास काही गेला नाही. मग मला आत, कार्यक्रमांच्या विभागात बसवलं. तिथे गाणी माणूस लावत नाही, सॉफ्टवेअर लावतं. काही शे गाण्यांची यादी, त्यांचे गट, कुठलं गाणं किती तासांनी परत यायचं ते ठरलेलं. ती यादीही आमच्या शहरात बनत नव्हती.

मार्चमध्ये मी एक प्रस्ताव लिहून दिला. चौदा एप्रिलला सकाळी एक तास भीमगीतं. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे, मधे दोन-दोन मिनिटं त्या गायकांबद्दल बोलणं. उत्तर आलं, "हे कम्युनिटीचं म्युझिक आहे, आपलं स्टेशन मासचं आहे." मी म्हणाले, सर, त्या दिवशी या शहरात रस्त्यावर जेवढे लोक असतात तेवढे वर्षात फार थोड्या दिवशी असतात, मास म्हणजे आणखी काय? ते हसले. माणूस वाईट नव्हता, माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी न मागता सुट्टी दिली होती. चौदा एप्रिल उजाडला. सकाळी सातपासून शुभेच्छांच्या जाहिराती वाजल्या. एक आमदार, दोन नगरसेवक, एक पतसंस्था, एक टायरचं दुकान. प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी 'जय भीम'. दोन जाहिरातींच्या मधे नेहमीची हिंदी गाणी.

१९२० साली मूकनायक निघालं तेव्हा पैसे देऊ करूनही केसरीने त्याची जाहिरात छापली नव्हती, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. शंभर वर्षांत एवढी प्रगती झाली की आता पैसे घेऊन आपली जाहिरात वाजवतात. गाणं अजून यादीत बसत नाही. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ मध्ये वृत्तपत्रं, वाहिन्या, मासिकं आणि संकेतस्थळांची पाहणी केली, तेव्हा नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर सवर्ण होते आणि अनुसूचित जाती-जमातींचं कुणीही नव्हतं. रेडिओ स्टेशनं त्या पाहणीत नव्हती. मी ज्या मजल्यावर बसायचे तिथे मोजणीची गरजही नव्हती, दुपारचे डबे उघडले की कळायचं.

तर श्रोत्याने करायचं काय?

नाराज श्रोता आधी काटा फिरवतो. त्याचा एक मोठा किस्सा आपल्याकडे आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन धरला, अमीन सयानींची बिनाका गीतमाला घराघरात गेली, आणि अखेर १९५७ मध्ये सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्यांच्या ताकदीची गोष्ट म्हणून ही नेहमी सांगितली जाते आणि ती खरीही आहे. पण त्यात श्रोत्याला मिळालं ते हवं ते गाणं. बोलणारा कोण असावा, यात काही फरक पडला नाही. शिवाय चित्रपटगीतांच्या मागे अख्खा चित्रपटधंदा उभा होता. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या बाईच्या मागे कोण उभं होतं?

आपल्या आधीच्या पिढ्यांनी निवडलेला पर्याय म्हणूनच मला जास्त मोलाचा वाटतो. सत्यशोधक जलशांनंतर आंबेडकरी जलसे आले, १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारखे लोक गावोगाव गाडीने, पायी फिरले. पुढे कॅसेट आली. कॅसेट स्वस्त होती, घरच्या यंत्रावर तिची नक्कल निघायची, तिला परवाना लागत नव्हता. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागले. रेडिओ ज्यांना वर्षातून दोन दिवस जागा देत होता ते गायक आमच्या वस्तीत रोज वाजले. माझ्या वडिलांनी पहिल्या बोनसमधून टेपरेकॉर्डर घेतला होता, पंखा त्यानंतर आला. कॅसेट गेली, सीडी आली, मग मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं आली. यात सरकारचा किंवा जाहिरातदाराचा कुठेच हात नव्हता.

आणि मग फोन आला. आपल्या पिढीचा पर्याय हाच आहे. हैदराबादला नोकरी लागल्यावर मी पहिल्या पगारातून आईला स्मार्टफोन घेतला. तिला वाचता येत नाही, पण बोलून शोधता येतं. 'कडूबाई खरात' एवढं म्हटलं की एकतारी वाजायला लागली. पंजाबातल्या गिन्नी माहीची गाणी मी तिला लावून दिली. शब्द कळले नाहीत, पण गाण्यात बाबासाहेबांचं नाव आलं तसा तिचा हात क्षणभर थांबला. तमिळ येत नसलेल्या माझ्यासारख्या मुलीला चेन्नईच्या द कास्टलेस कलेक्टिव्हचं गाणं मिळालं तेही फोनवरच. कुठल्याही एफएमच्या यादीत हे सगळं एका दिवसात आलं नसतं. हा लाभ मी कमी लेखत नाही. ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांना कुणाच्या परवानगीशिवाय ऐकता येऊ लागलं.

पण सहा महिन्यांनी मी घरी गेले तेव्हा फोन डब्यात ठेवलेला होता. मला वाटलं बिघडला. बिघडला नव्हता. आईचं म्हणणं असं की, तंबाखूच्या हाताने काच दाबली तर दबत नाही, आणि मधेच जाहिरात आली की ती बंद करायला हात धुऊन यावं लागतं. एक गाणं संपलं की पुढचं कुठलं लागेल त्याचा भरवसा नाही. भीमगीतानंतर कुणी बाबा ग्रहांची शांती सांगायला लागायचा, त्यानंतर कुणी एक जण मुसलमानांना शिव्या द्यायला लागायचा, आणि पत्र्याच्या पलीकडे चाची बसलेल्या असायच्या. आईला लाज वाटायची. रिचार्ज संपला की सगळंच बंद. आणि एक गोष्ट तिने सांगितली नाही, मला दिसली. आता तिन्ही घरांत तीन फोन होते. प्रत्येकीचा आवाज बारीक, कानात नाहीतर कानाजवळ. पूर्वी पावसाच्या अंदाजावर तीन घरांतून एकदम शेरे यायचे, ते बंद झाले होते.

आपण पहिल्या पिढीतले पदवीधर घरच्यांना वस्तू फार लवकर देतो. मिक्सर, फोन, गॅस. त्याने आपल्या मनावरचं ओझं थोडं उतरतं. मी आईला एफएमच्या मालकाकडून सोडवून दुसऱ्या, कितीतरी मोठ्या मालकाच्या हवाली केलं होतं, आणि याला पर्याय म्हणत होते.

मग एका प्रवासात वेगळं काही कानावर आलं. हैदराबादहून सोलापूरला जाणारी बस संगारेड्डी, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा अशी जाते. माझ्याकडे तेव्हा जुना बटणांचा फोन होता, इअरफोन खुपसला की तोच अँटेना. शहर मागे पडलं तशा खासगी वाहिन्या एकेक करून खरखरत विरल्या. जहीराबादच्या अलीकडे, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, ९०.४ वर बायकांचा आवाज आला. तेलुगू, पण पुस्तकी तेलुगू नव्हे. आमच्या शेजारच्या अक्का बोलतात तसलं, हेल काढून बोललेलं. बियाण्याबद्दल बोलणं चाललं होतं. कुणीतरी मधेच खोकलं, ते कुणी कापून काढलं नव्हतं. मग एक गाणं, वाद्याशिवाय. मला सगळं कळलं नाही. पण त्या आपापसात बोलत होत्या आणि तरीही ऐकणाऱ्याला बाहेर ठेवत नव्हत्या. आईच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या बसमध्ये ऐकू आलं.

तो संघम रेडिओ होता. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीशी जोडलेल्या, बहुतांशी दलित आणि शेतमजूर, बायकांचे गावोगाव संघम आहेत, त्यांचा हा रेडिओ. युनेस्कोच्या मदतीने त्याची तयारी १९९० च्या दशकाच्या अखेरीसच झाली होती, पण प्रसारणाचा परवाना नव्हता. जवळपास दहा वर्षं या बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत राहिल्या आणि कॅसेटवर संघमांच्या बैठकांत ऐकवत राहिल्या. प्रसारण सुरू झालं १५ ऑक्टोबर २००८ ला. स्टेशन चालवणाऱ्या दोघींचंही नाव नरसम्मा, एक 'जनरल' नरसम्मा आणि एक अल्गोलची. दोघी दलित घरांतल्या. कार्यक्रम भरडधान्यांवर, बियाण्यांवर, आजारांवर, सणांवर, आणि भाषा गावातली. कुणाच्या बोलण्याचा वास काढायची गरज तिथे पडली नाही.

उद्घाटनाला न्यायमूर्ती पी. बी. सावंत आले होते आणि त्यामागे कारण होतं. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून सरकार आणि क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल यांच्यात भांडण झालं, ते सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि फेब्रुवारी १९९५ च्या निकालात सावंतांच्या खंडपीठाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. भांडण क्रिकेटचं, पण त्या वाक्याच्या आधारावर देशभरातले लोक सामुदायिक रेडिओ मागू लागले. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, २००६ मध्ये सामाजिक संस्थांना. आज देशात पाचशेच्या घरात अशी स्टेशनं आहेत. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग आहे. पाणवठ्यावरच्या हक्कासाठी महाडला जावं लागलं होतं. हवेतल्या लहरीही पाणवठ्यासारख्याच सगळ्यांच्या, असं न्यायालयानेच म्हटलं आहे, पण या पाणवठ्यावर आपण फारसे गेलेलो नाही. ही तुलना काहींना ओढूनताणून वाटेल, मला वाटत नाही.

नियम वाचले तर आपण का गेलो नाही तेही कळतं. व्यक्तीला परवाना मिळत नाही, नोंदणीकृत ना-नफा संस्था लागते. त्या भागात किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. राजकीय पक्ष आणि त्यांच्याशी जोडलेल्या संघटनांना, त्यांच्या कामगार संघटनांनाही, मनाई आहे. म्हणजे आमच्या वस्तीत वर्षानुवर्षं काम करणारी बिडी कामगार युनियन अर्ज करू शकत नाही. स्वतःच्या बातम्या इथेही देता येत नाहीत. ट्रान्समीटर १०० वॉटच्या आसपासचा, आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत अशी अट आहे, आणि तीच सगळ्यात चांगली अट आहे. कागदपत्रं एका मंत्रालयातून दुसऱ्या मंत्रालयात फिरतात. हे सगळं इंग्रजीत भरू शकणारी माणसं कालपर्यंत आपल्या वस्त्यांत नव्हती. आता आहेत. शिष्यवृत्तीचे, नेटचे, जात पडताळणीचे अर्ज भरून भरून आपली बोटं या कामात तयार झाली आहेत. माध्यमांत प्रतिनिधित्व हवं यावर आपण भरपूर लिहितो, आणि ते लिहिलंच पाहिजे. पण दुसऱ्याच्या स्टेशनात एक खुर्ची मिळावी यावर जेवढी शाई जाते, त्याच्या दहाव्या हिश्शाएवढीही स्वतःचं स्टेशन काढण्यावर जात नाही. मी आठ महिने त्या खुर्चीवर बसून आले आहे.

परवान्याशिवायही करता येतं, याची उदाहरणं आहेत. छत्तीसगडमध्ये २०१० च्या सुमारास सीजीनेट स्वर सुरू झालं. लोक एका नंबरवर फोन करून आपलं म्हणणं नोंदवायचे, गोंडीतसुद्धा, आणि दुसरे फोनवरच ते ऐकायचे. पुढे त्यांनी 'बुल्टू रेडिओ' काढला, ब्लूटूथने एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जाणारा. रेंज नसलेल्या जागी हे चालतं.

ते पाहून आम्ही वस्तीत एक गोष्ट सुरू केली. मी आणि वस्तीतल्या आणखी दोन पदवीधर पोरी. महिन्यातून दोनदा माझ्या फोनवर अर्ध्या तासाचं ध्वनिमुद्रण. ते मेमरी कार्डात भरायचं आणि कार्ड घरोघर फिरवायचं. बाजारात तीन-चारशे रुपयांत कार्ड घालायचा छोटा स्पीकर मिळतो, सकाळी एकदा बटण दाबलं की झालं, पुन्हा हात लावावा लागत नाही. रेशनवर या महिन्यात काय आलं, पीएफचा दावा भरायला कुठले कागद न्यायचे, चाचींचा एखादा किस्सा, एक भीमगीत वस्तीतल्याच कुणी म्हटलेलं. पहिल्या भागात भीमगीत लागल्यावर पलीकडच्या अक्कांनी आवाज कमी केला, हे आईच्या कानाने टिपलं. तिने काही म्हटलं नाही. दुसऱ्या भागासाठी अक्कांना बतुकम्माचं गाणं म्हणायला सांगितलं आणि भीमगीत त्याला लागूनच ठेवायला लावलं. आवाज कमी करायचा तर हात धुऊन उठावं लागतं, आणि आपल्या गाण्याला कोण आवाज कमी करतं?

चौथ्या भागात आमची चूक झाली. एका वहिनींनी बोलता बोलता सांगितलं की बिड्या द्यायला गेलं की खराब म्हणून शेकड्याला किती बाजूला काढतात, त्याचे पैसे कापतात, आणि त्या बाजूला काढलेल्या बिड्यांचं पुढे काय होतं ते कुणी सांगत नाही. आम्हाला वाटलं, हेच तर हवं होतं. नाव घातलं नाही, पण आवाजाला नाव लागत नाही. तीन दिवसांत ते तिथे पोचलं. वहिनींना पुढच्या आठवड्यात पान कमी मिळालं. पान कमी म्हणजे बिड्या कमी, मजुरी कमी. त्या आमच्या दारात आल्या, ओरडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "तू हैदराबादला जाशील गं बाई." मी कार्डं गोळा करून तो भाग पुसला. माझ्याकडे परत जायला नोकरी होती, त्यांच्याकडे तीच एक जागा होती. स्वतःचं माध्यम असावं असं भाषणात म्हणणं सोपं असतं, त्याची किंमत कुणाच्या ताटातून जाते ते मला त्या दिवशी दिसलं.

दोन महिने काहीच झालं नाही. मग वाट काढली ती आईने आणि चाचींनी. पान कमी झाल्याचं, मोजणाऱ्याच्या डोळ्याचं, कापलेल्या पैशाचं त्यांनी ओवीसारखं बांधलं आणि पाच-सहा जणींनी मिळून म्हटलं. आवाज एकत्र, कुणाचाच वेगळा ओळखू येत नाही, आणि ओवीत तक्रार जुनीच असते, ती सासूबद्दल आहे की मालकाबद्दल हे ऐकणाऱ्याने ठरवावं. ही युक्ती आमची नाही. जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत, पारी या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ ऐकता येतात, बाबासाहेबांवरच्याही. बायकांनी हे नेहमीच असंच सांगितलं आहे. ऐकायचं यंत्र तेवढं त्यांच्या हातात नव्हतं.

आता कार्डाचे अकरा भाग झाले आहेत. किती जणी ऐकतात त्याचा आकडा माझ्याकडे नाही. आठ कार्डं आहेत, दोन हरवली. शेजारच्या गल्लीतून एक कार्ड मागितलं गेलं, तिथल्या बायकांनी त्यावर स्वतःचं काहीतरी भरून परत पाठवलं. त्यात निम्मी भांडणं होती, पण ऐकायला फार मजा आली. ध्वनिमुद्रण मी करत नाही, आता बारावीतली एक मुलगी करते. मी तिला एवढंच शिकवलं की पंखा बंद करायचा आणि खोकला कापायचा नाही.

मंडळाची नोंदणी गेल्या वर्षी केली. तीन वर्षांचं काम दाखवायचं म्हणजे प्रत्येक भागाची तारीख, कोण बोललं, कोण हजर होतं हे वहीत लिहून ठेवणं आलं. ती वही मी ठेवते. मागच्या रविवारी आईने विचारलं, रेडिओवर जायचं तर अजून किती दिवस? मी म्हणाले, अर्ज करायलाच दोन वर्षं. ती म्हणाली, "तवर हे कार्ड चालू दे. आन पुढच्या खेपेला पीएफचं परत घाला, मागल्या बारीला मशीनच्या आवाजात काय ऐकूच आलं न्हाई."